जादूचं वजन

ज्ञानेश निमसे सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होता. मशीनमधून बाहेर पडणारा प्रत्येक स्विच आधीच्या स्विचसारखाच निघाला पाहिजे, हे बघणं त्याचं काम. काम त्याला मनापासून आवडायचं. पण माणूस आवडीचं काम रविवारी घरी घेऊन आला, की बाकीच्यांचं काय होतं, ते या हकिगतीत आहे. ती हल्ली तो स्वतःच रंगवून सांगतो आणि सांगताना स्वतःला बिलकूल सोडत नाही. इतरांनी सोडलं नव्हतंच.

दर रविवारी दुपारी गंगापूर रोडवरच्या त्याच्या फ्लॅटमध्ये चौघं खेळायला बसत. खेळ तसा सोपा. टेबल, फासे, कागद, पेन्सिली. एकजण गोष्ट सांगतो, त्याला ते सूत्रधार म्हणत. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. ‘समोर दरी आहे,’ सूत्रधार म्हणतो. ‘मी उडी मारते,’ पात्र म्हणतं. मग फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर पलीकडे, लहान पडला तर दरीत.

अंजली दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांना ‘अजिबात दुखणार नाही’ असं सांगून कंटाळलेली, त्यामुळे खेळात ती तलवारबाज होती. ज्ञानेशची बायको सुवर्णा शाळेत भूगोल शिकवायची आणि खेळात चोऱ्या करायची. चौथा नवनाथ, इंजिनिअरिंगच्या वसतिगृहातला ज्ञानेशचा जोडीदार. नोकरी सोडून तो दिंडोरीला घरची द्राक्षबाग सांभाळत होता. खेळात तो मांत्रिक. सूत्रधार मात्र कायम ज्ञानेश. ‘मी होऊ का एकदा?’ असं अंजलीने दोन-तीनदा विचारलं होतं, पण असले प्रश्न ज्ञानेशला ऐकू येत नसत.

बाजारात मिळणारे तयार खेळ त्याला पसंत नव्हते. म्हणून त्याने स्वतःचं एक राज्य उभं केलं होतं, सात किल्ल्यांचं, आणि सगळ्यात वरच्या किल्ल्यावर वक्रदंत नावाचा दुष्ट राजा बसवला होता. किल्ल्याचा नकाशा ग्राफपेपरवर होता. धान्याची कोठारं कुठे, घोड्यांना पाणी कुठून, सगळं ठरलेलं. शेवटच्या लढाईआधी वक्रदंत सिंहासनावरून एक भाषण करणार होता. ते ज्ञानेशने आंघोळ करताना पाठ केलं होतं. त्यात अंजलीच्या पात्राच्या मेलेल्या भावाबद्दल एक खुलासा होता, दोन ठिकाणी दीर्घ शांतता होती आणि सुवर्णाच्या डोळ्यांत पाणी येईल ती जागा पेन्सिलीने खुणावलेली होती.

तो रविवार उजाडला. तिघांची पात्रं दरबारात पोचली. ज्ञानेशने खाकरून आवाज घोगरा केला.

‘मूर्खांनो! तुम्हाला वाटलं...’

‘एक मिनिट,’ नवनाथ म्हणाला. ‘किल्ल्यात विहीर हाय का रे?’

नकाशाबद्दल कुणी विचारलं की ज्ञानेशला भरून यायचं. ‘आहे ना! सिंहासनामागच्या चौकातच. चांगली खोल, दगडी बांधकामाची.’

‘पोहरा असंल मग.’

‘असणारच. लाकडी आहे. दोराला बांधून आत सोडलेला.’

‘बास. मी अदलाबदलीचा मंत्र टाकतो. राजा आन् पोहरा.’

अदलाबदल हा अगदी किरकोळ मंत्र. दोन वस्तूंनी एकमेकींची जागा घ्यायची. खिशातली किल्ली आणि ताटातला लाडू, असल्या गमतींसाठी ज्ञानेशने तो ठेवला होता. माणसाला चालणार नाही असं त्याने कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण असं कुणाला सुचेल हे त्याला सुचलं नव्हतं. नवनाथने फासा टाकला. फासा घरंगळत चिवड्याच्या बशीला अडला आणि सगळ्यात मोठा आकडा वर आला.

वक्रदंत लोखंडी चिलखतासकट विहिरीच्या तळाशी गेला. सिंहासनावर पोहरा विराजमान झाला.

मग अंजली खुर्चीवरून उठली आणि तिने कमरेत वाकून पोहऱ्याला मुजरा केला. ‘पोहरेमहाराजांचा विजय असो!’ सुवर्णा ओरडली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. खुणावलेल्या जागेच्या बरंच आधी.

ज्ञानेशने कागद गोळा केले. ‘हसा तुम्ही,’ तो म्हणाला, ‘पण हा बॅलन्सचा प्रश्न आहे.’

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा बाजूला सारून एक्सेल उघडलं. तलवारीच्या एका घावाने शत्रूचं किती नुकसान होतं, चोराच्या खंजिराने किती, मंत्राने किती, असे रकाने पाडले. मंत्राच्या रकान्यात काय भरायचं कळेना. राजा विहिरीत टाकण्याचे किती गुण? तेव्हा जादूला शिस्त लावायला हवी, असं ठरलं. आपण खेळाच्या भल्यासाठी झटतोय, या कल्पनेने त्याला त्या दुपारी जरा उदात्तही वाटलं.

दुसऱ्या आवृत्तीत अदलाबदलीला वजनाची मर्यादा आली. नारळापेक्षा जड वस्तू चालणार नाही. पुढच्याच रविवारी नवनाथने शत्रूच्या रथाच्या चाकातली खीळ आणि एक वांगं यांची अदलाबदल केली. रथ सेनापतीसकट दरीत गेला. मग अंतराची मर्यादा आली. नवनाथने अंजलीला पाण्याने भरलेला हंडा वर फेकायला लावला आणि विचारलं, ‘हवेत हाय तवर त्याला वजन कसलं?’ ज्ञानेश रागाने लाल झाला आणि त्याने तिथल्या तिथे नियम लिहिला: हवेतल्या वस्तूचं वजन जमिनीवर असताना जेवढं, तेवढंच धरावं.

चौथ्या आवृत्तीत श्वास आला. प्रत्येक मंत्राला श्वास खर्च होणार आणि मांत्रिकाला दिवसाचे श्वास मोजकेच. झालं काय, की नवनाथचा मांत्रिक सकाळी एक मंत्र टाकायचा आणि मग दिवसभर झाडाखाली पडून राहायचा. अंजली आणि सुवर्णा लढत आणि नवनाथ शेंगा सोलत बसे. आता तलवार भारी झाली म्हणून पाचव्या आवृत्तीत तलवारीची धार कमी झाली. त्यामुळे चोर पुढे निघून गेला. सहाव्या आवृत्तीत चोराचे हात आखडले. पहिली आवृत्ती दोन पानांची होती. सहावीला स्पायरल बायंडिंग करावं लागलं.

‘अहो,’ एका रविवारी फासे टाकून झाल्यावर सुवर्णा म्हणाली, ‘मी खंजीर मारला काय, अंजलीनं तलवार चालवली काय आणि भाऊजींनी वीज पाडली काय, आकडा तोच येतोय.’

‘अगदी बरोबर!’ ज्ञानेश आनंदाने म्हणाला.

ते कौतुक नव्हतं, हे कळायला त्याला बरेच दिवस लागले.

नवरात्राच्या सुमारास नवनाथचा फोन आला. ‘छाटणी चालू हाय रे, रविवारी जमणार नाय.’ ज्ञानेशने समजूतदारपणे होकार दिला. त्याच्या पुढच्या रविवारीही छाटणी होती. त्याच्याही पुढच्या. अंजलीच्या दवाखान्यात नेमक्या रविवारी दुपारीच अक्कलदाढा दुखायला लागल्या. सुवर्णा घरातच असल्यामुळे तिला कुठे जाता येत नव्हतं, पण तिने पडदे धुवायला काढले. ज्ञानेश टेबलाशी एकटा बसून सातवी आवृत्ती लिहीत राहिला. एकट्याने खेळून बघितलं तर सगळं उत्तम जुळत होतं. तिन्ही पात्रांचे आकडे पार दशांशापर्यंत सारखे येत होते. असा समतोल त्याला कारखान्यातसुद्धा कधी साधला नव्हता.

थंडी पडली तरी नवनाथची छाटणी संपेना. तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ज्ञानेश सातवी आवृत्ती पिशवीत घालून मोटारसायकलने दिंडोरीला निघाला. शेतीतलं त्याला काही कळत नसे. तरीही छाटणी चालू असलेल्या बागेत वाटाण्याएवढ्या मण्यांचे घड लोंबकळत नाहीत, एवढं त्याच्याही लक्षात आलं.

नवनाथ फवारणी आटोपून ट्रॅक्टरवरून उतरत होता. ज्ञानेशला बघून त्याने आधी घडांकडे पाहिलं, मग ज्ञानेशकडे.

‘सापडलो म्हणायचं,’ तो म्हणाला.

तोंडावरचं फडकं सोडून त्याने हौदावर हातपाय धुतले. दोघं शेडमध्ये क्रेटवर बसले. नवनाथच्या आईने, चतुराबाईंनी, चहा आणून दिला आणि ‘लय दिवसांनी आलास रे बाबा’ म्हणून त्या आत गेल्या. ज्ञानेशने पिशवीतून सातवी आवृत्ती काढली. नवनाथने ती हातात घेतली, उघडली नाही, नुसती तोलून बघितली.

‘ज्ञान्या, खरं सांगू का? मी आठवडाभर हेच करतो. किती लिटरला किती औषध, किती दिवस फवारायचं नाय, ढग आले तर काय. रविवारी मी तुझ्याकडं जादू करायला येत होतो. तू तिथं पण मला डोस मोजायला लावला.’

‘पण बॅलन्स नको का? तुझ्या एका मंत्रात सगळी लढाई संपली. अंजलीला, सुवर्णाला काही करायलाच उरलं नाही.’

‘त्या काय तक्रार करत होत्या का? अंजली तर त्या पोहऱ्यासाठी देऊळ बांधायचं म्हणत होती. आम्ही तिघांनी ठरवलं पण होतं, पोहऱ्याच्या नावानं राज्य चालवायचं. तूच म्हणाला, हे धरायचं नाय.’

हे खरं होतं. ज्ञानेशने ती सगळी दुपार रद्द केली होती आणि पुढच्या वेळी गोष्ट विहिरीच्या बऱ्याच आधीपासून पुन्हा सुरू केली होती. त्या वेळी किल्ल्यात विहीर नव्हती.

तो चहा ढवळत राहिला. चहात ढवळण्यासारखं काही नव्हतं. आणि मग त्याच्या तोंडून ते निघून गेलं. ‘तू मला माझं भाषण करू दिलं नाहीस.’

‘कुठलं भाषण?’

‘वक्रदंताचं.’

‘भाषण होतं?’ नवनाथला खरोखरच माहीत नव्हतं. ‘किती मोठं?’

‘चार पानं.’

नवनाथने कप खाली ठेवला. हसू नये म्हणून त्याने ओठ दाबून धरले होते. ते ज्ञानेशला दिसत होतं आणि त्यामुळे जास्तच लागत होतं. आपण इतके दिवस न्याय, समतोल, खेळाचं हित असले शब्द वापरत होतो, आणि मुळात काय, तर स्नेहसंमेलनात पाठ केलेलं भाषण राहून गेलेल्या पोरासारखे फुरंगटून बसलो होतो. हे त्याला त्या क्रेटवर बसल्या बसल्या लख्ख दिसलं. दिसलं म्हणून त्याने लगेच मान्य केलं असं मात्र नाही.

‘तरीपण,’ तो म्हणाला, ‘सातवी आवृत्ती फार चांगली आहे. एकदा खेळून बघ.’

‘खेळतो,’ नवनाथ म्हणाला. ‘पण मांत्रिक तू व्हायचं. ह्याच नियमांनी. गोष्ट अंजली सांगंल.’

ज्ञानेशने हे आव्हान आनंदाने स्वीकारलं. परतीच्या वाटेवर तर त्याला वाटत होतं, की आता या लोकांना दाखवूनच देऊ, नियम नीट समजलेला माणूस मांत्रिक झाला की काय करू शकतो.

पुढच्या रविवारी चौघं पुन्हा टेबलाभोवती जमले. ज्ञानेशने स्वतःच्या मांत्रिकाचं नाव महामहोपाध्याय ज्ञानभास्कर ठेवलं होतं. त्याला पांढरी दाढी होती, राजदंड होता आणि पूर्वायुष्य होतं. अंजली सूत्रधाराच्या खुर्चीत मांडी घालून बसली. तिच्यापुढे नकाशा नव्हता, भाषण नव्हतं, सातवी आवृत्ती तेवढी होती. नवनाथने तलवारबाज घेतला.

‘आठवडी बाजार भरलाय,’ अंजलीने सुरुवात केली. ‘तुम्ही तिघं भाजीच्या गल्लीत आहात. तेवढ्यात ओरडा होतो. एक बैल उधळलाय. शिंगं खाली घालून सरळ तुमच्याकडे येतोय. काय करता?’

‘मी भाजीच्या पाटीमागं लपते,’ सुवर्णा म्हणाली.

‘मी पळतो,’ नवनाथ म्हणाला.

‘थांबा,’ ज्ञानेश म्हणाला. त्याने बाह्या सावरल्या. ‘ज्ञानभास्कर जागचा हलत नाही. तो राजदंड उंचावतो. अदलाबदल! बैल आणि पलीकडची गवताची पेंढी.’

अंजलीने पानं उलटली. ‘वजन?’

बैल नारळापेक्षा जड होता.

‘हे बघ,’ तो म्हणाला, ‘बैल उधळलाय. म्हणजे उड्या मारतोय. एखाद्या क्षणी चारही पाय हवेत असणार. त्या क्षणी त्याला वजन...’

‘हवेतल्या वस्तूचं वजन जमिनीवर असताना जेवढं, तेवढंच धरावं,’ अंजलीने वाचून दाखवलं. ‘खाली दोन रेघा मारल्यात तू.’

‘बरं, मग अग्निमंत्र. बैलासमोर जाळ.’

‘आधी श्वास किती खर्च ते जाहीर कर. मग अंतर किती हात ते मोजायचं. मग वाऱ्याची दिशा. हे वाऱ्याचं कशाला घातलंयस?’

‘नवनाथमुळे,’ ज्ञानेश पुटपुटला.

तो गुणाकार करत बसला. अंजली बोटांनी टेबलावर टापा वाजवत राहिली. त्या जवळ जवळ येत होत्या. अखेर त्याने फासा टाकला. तीन पडला.

‘हा धरायचा नाही,’ ज्ञानेश घाईने म्हणाला. ‘फासा वहीला अडला.’

‘अडलेला फासा ग्राह्य,’ नवनाथने न बघताच सांगितलं. त्याने एकदा अशीच सबब सांगितली तेव्हा हा नियम त्याच्यासाठीच लिहिलेला असल्याने त्याला पाठ होता.

‘अगं, पण पहिल्यांदाच खेळतोय मी मांत्रिक! थोडं सांभाळून घे ना. बैल जरा हळू येतोय असं कर.’

‘नियमात नाही.’

‘नियमात नाही काय! समोर बैल आलाय आणि मी इथं गुणाकार करत बसलोय! अरे, मांत्रिक आहे का कारकून? यात मजा कुठे आहे?’

हे तो उभा राहून, हातवारे करून, मोठ्याने बोलला होता. बोलून झाल्यावर त्याला स्वतःचे शब्द ऐकू आले. सुवर्णा हळूच म्हणाली, ‘बैल आलाय, अहो.’

बैल आला. महामहोपाध्याय ज्ञानभास्कर पूर्वायुष्यासकट मेथीच्या जुड्यांवर आडवे झाले आणि गोष्टीच्या पहिल्या अर्ध्या तासात वारले. नवनाथच्या तलवारबाजाने त्यांच्या छातीवर एक मुळा ठेवला.

सगळ्यात आधी ज्ञानेशच हसला. म्हणजे तो तसं सांगतो. सुवर्णाचं म्हणणं आहे की तो आधी बाल्कनीत जाऊन आला.

हसणं ओसरल्यावर प्रश्न मात्र तसाच उरला. मांत्रिकाला मोकळं सोडलं तर तो एका मिनिटात गोष्ट संपवतो. बांधून घातलं तर त्याचा कारकून होतो. ज्ञानेशने सवयीने पेन्सिल उचलली. नवनाथने ती काढून घेतली.

‘लिहू नको. असं करू. मांत्रिकानं वाट्टेल ते मागावं. पण त्या बदल्यात त्याचं काय जाणार, ते बाकीच्यांनी ठरवायचं. तिथल्या तिथं. पटलं तर मंत्र चालला, नाय पटलं तर सोडून द्यायचं.’

‘पण मग प्रत्येक वेळी किंमत वेगळी येईल,’ ज्ञानेश म्हणाला. त्याच्या आवाजात खरी कळकळ होती.

‘येऊ दे की,’ अंजली म्हणाली.

त्या दुपारी ज्ञानेशने नवा मांत्रिक घेतला. या वेळी नावाला उपाध्या नव्हत्या, नुसता भास्कर. बैल अजून बाजारात मोकळाच होता. आता तर तो पोरांच्या जत्थ्याकडे वळला होता. भास्करने बैलाला जागच्या जागी झोप आणायची म्हटलं.

‘दाढी दे,’ सुवर्णा म्हणाली. ‘कायमची.’

‘दाढी स्वस्त आहे. सावली घे,’ अंजली म्हणाली.

‘सावली नाही देणार. उन्हात लोक ओळखतील मला. एक महिना मुका राहतो.’

‘तू? मुका?’ नवनाथ म्हणाला. ‘शंभर टक्के उल्लंघन होणार. दुसरं सांग.’

घासाघीस बराच वेळ चालली. बैल शिंगं उगारून थांबल्यासारखाच झाला होता आणि याबद्दल ज्ञानेशने एकदाही तक्रार केली नाही. सुवर्णा अशा चिवटपणे भाव करत होती, की भाजीवाले तिला का घाबरतात ते त्याला आत्ता समजलं. तो मागे सरायचा, पुन्हा पुढे यायचा, मध्येच बैलाकडे बघून घाबरायचा. ही भीती खरी होती. आकड्यांच्या मागे बसून त्याला ती कधी वाटली नव्हती. अखेर सौदा ठरला: बैल झोपेल, पण भास्करच्या जिभेवरची मिठाची चव जाईल. मोहीम संपेपर्यंत सगळं अळणी.

‘दिली,’ ज्ञानेश म्हणाला आणि टेबलावर हात आपटला. बैल कोथिंबिरीच्या ढिगात तोंड खुपसून घोरायला लागला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कारखान्यात वर्षाचं बक्षीस मिळालं होतं, तेव्हासुद्धा ज्ञानेशला इतकं बरं वाटलं नव्हतं. आपण झोपवलेला बैल मुळात नव्हताच, हे लक्षात येऊनसुद्धा तो आनंद काही कमी होईना.

संध्याकाळी नवनाथला आणि अंजलीला सुवर्णाने जेवायलाच थांबवलं. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, आमटी. सगळ्यांना तिने एका पातेल्यातून वाढलं आणि ज्ञानेशच्या वाटीत वेगळ्या छोट्या भांड्यातून. त्याने घास घेतला. आमटीत मिठाचा कणही नव्हता. तिघंही मान खाली घालून मन लावून जेवत होती, आणि नवनाथचे खांदे हलत होते.

मिठाचं भांडं त्याच्या हाताशीच होतं. ज्ञानेशने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग वाटी सुवर्णापुढे केली.

‘अजून वाढ,’ तो म्हणाला.